डिसेंबरात चालणारा ओव्हरक्लॉक एप्रिलमध्ये का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात फोंड्याजवळ दुमजली घर, वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली खोली. इंटेल कोअर आय५-१२६००के, झेड६९० मदरबोर्ड, २४० मिलिमीटरचा वॉटर कूलर, ३६०० ची ३२ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॉटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीजपुरवठा) आणि ६०० व्हीएचा यूपीएस. डिसेंबरात रात्री ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसरचे सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान गाभे) मूळ वेगाच्या वर नेऊन ५.१ गिगाहर्ट्झवर आणि १.३४ व्होल्टवर लावले, सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी दहा मिनिटे नीट चालली. एप्रिलपासून नाटकांच्या चित्रीकरणाचे रेंडर (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवणे) लावले की तासाभराने कधी निळा स्क्रीन येतो, कधी मशीन एकदम काळोख होऊन बंद पडते. व्होल्टेज आणखी वाढवायचे का?

वाढवू नका. तुम्ही एकाच दुखण्याची दोन रूपे समजताय, पण ही दोन वेगळी दुखणी असण्याची शक्यता जास्त आहे. निळा स्क्रीन म्हणजे विंडोजला चूक कळली आणि तिने स्वतःहून काम थांबवले. एकदम काळोख म्हणजे विंडोजला काही कळायच्या आतच वीज तुटली. पहिल्याचा संबंध प्रोसेसर किंवा रॅमशी, दुसऱ्याचा बहुधा यूपीएस, एसएमपीएस किंवा घरच्या वायरिंगशी. दोन्हींवर व्होल्टेज वाढवण्याचा एकच उपाय केला, तर उष्णता वाढून पहिले दुखणे बळावेल आणि वॉट वाढून दुसरेही.

म्हणून आधी विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम. बंद पडून मशीन पुन्हा सुरू झाल्यावर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दोन्ही प्रकारांत दिसते, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा क्रमांक पाहा. तो शून्य असेल तर निळा स्क्रीन आलाच नव्हता. शून्य नसेल तर त्याच्या मागेपुढे डब्ल्यूएचईए-लॉगर या नावाच्या, हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या नोंदी शोधा. १८ क्रमांक म्हणजे जिवावर बेतलेली हार्डवेअर चूक. १९ क्रमांक म्हणजे चूक झाली, पण चिपने ती स्वतः दुरुस्त केली. या १९ क्रमांकाच्या नोंदी लोक सोडून देतात, कारण मशीन चालूच असते. पण दिवसाला अशा चार-पाच नोंदी पडत असतील तर ओव्हरक्लॉक काठावर उभा आहे. स्थिर मशीनमध्ये ही संख्या शून्यच हवी.

आधी विजेचे बघू, ते लवकर आटोपते. १२६००के ५.१ वर आणि १.३४ व्होल्टवर पूर्ण भाराखाली १९० वॉटच्या आसपास ओढतो. आरटीएक्स ३०६० चे १७०, बाकी बोर्ड, रॅम, पंप, पंखे, डिस्क मिळून ४०-५० धरा. एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज मिळवली की भिंतीतून साडेचारशे वॉटच्या पुढे ओढ जाते, मॉनिटर वेगळा. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मुख्य वीज नीट असते तोवर तो ती तशीच पुढे सोडतो, त्यामुळे कमतरता जाणवत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी वाड्यावरचे सगळे एसी आणि पाण्याचे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली येते, यूपीएस बॅटरीवर जातो आणि त्याच क्षणी जास्त भारामुळे हात वर करतो. रेंडर चालू नसताना मशीन दीडशे वॉटवर असते, तेव्हा तोच यूपीएस ठीक वागतो. म्हणून दोष ओव्हरक्लॉकवर जातो.

खात्री करायला रेंडर चालू करून, महत्त्वाचे काही उघडे नसताना, यूपीएसचा भिंतीतला स्विच बंद करून पाहा. तिथेच बंद पडला तर उत्तर मिळाले. तुमच्या मशीनला ११०० व्हीए किंवा वरचा यूपीएस हवा, पण व्हीए पाहून घेऊ नका, मागच्या लेबलवर वॉटचा आकडा ६०० च्या पुढे आहे का ते वाचा. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलायला लागणारा वेळ जास्त असतो, आणि एसएमपीएस पूर्ण भाराखाली साधारण १६ मिलिसेकंद एवढाच दम धरतो.

अर्थिंगही एकदा तपासून घ्या. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल खोल जाते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटर लावून दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल, किंवा कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. आणि मळब दाटून गडगडायला लागले की प्लग तर काढाच, राउटरकडून येणारी नेटवर्कची तारही काढा. वळवाच्या दिवसांत मदरबोर्ड जातात ते बऱ्याचदा या तारेतून.

आता निळा स्क्रीन.

प्रोसेसरची उष्णता दोन गोष्टींनी वाढते: वेगाच्या सरळ प्रमाणात, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. हा वर्गच सगळे बिघडवतो. तुमचा १२६००के मूळ सेटिंगमध्ये सगळे पी-कोअर भाराखाली असताना ४.५ वर चालतो. त्याला समजा १.२० व्होल्ट लागतात. ५.१ आणि १.३४ वर नेल्यावर वेग १३ टक्के वाढला, पण उष्णता १.१३ गुणिले १.२५ म्हणजे ४१ टक्के वाढली. ४.९ आणि १.२५ वर ठेवले असते तर वेग ९ टक्के वाढला असता आणि उष्णता १८ टक्के. ९ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर जायला तुम्ही उष्णतेची दुपटीहून जास्त किंमत मोजलीत.

कूलर हवेपेक्षा अमुक इतके अंश वर, असाच चिपला थंड ठेवू शकतो. डिसेंबरात रात्री खोली २६ अंशांवर असताना चिप ८४ ला असेल, तर ती हवेच्या ५८ अंश वर आहे. मेमध्ये दुपारी चारला स्लॅबखालची तीच खोली ३५ ला जाते, मग चिप ९३ ला. इथेच थांबत नाही. सिलिकॉन गरम झाले की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो, म्हणजे त्याच कामाला जास्त वॉट, म्हणजे आणखी दोन-तीन अंश. शिवाय या व्होल्टेजवर गरम ट्रान्झिस्टर थंड ट्रान्झिस्टरपेक्षा सावकाश काम करतो, म्हणून ५.१ गाठायला आता १.३४ व्होल्ट पुरत नाहीत. डिसेंबरात जे व्होल्टेज जेमतेम पुरत होते ते एप्रिलमध्ये कमी पडते. चिप बिघडलेली नाही, तुम्ही तिची परीक्षा वर्षातल्या सर्वांत सोप्या वेळी घेतलीत.

आणि फार थोडा वेळ घेतलीत. वॉटर कूलरमधल्या पाण्याला पूर्ण तापायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, कॅबिनेटमधली हवा, रॅम आणि व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) यांना त्याहून जास्त. दहा मिनिटांच्या सिनेबेंचमध्ये पाणी तापतच होते. रेंडर तासाभराने पडते ते म्हणून.

गोव्यात ओव्हरक्लॉक करायचा तर तपासणी एप्रिल-मेमध्ये दुपारी अडीच ते सहाच्या दरम्यान, एसी बंद करून, दार-खिडक्या एरवी असतात तशाच ठेवून करावी. स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री आठ-नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे ऊन उतरल्यावरही खोली थंड झालेली नसते. मंगळोरी कौलांच्या उंच घरात हा फरक कमी असतो, पण तिथे धूळ जास्त. हिवाळ्यात सेटिंग करण्यावाचून गत्यंतर नसेल तर कूलरचे पंखे कमी वेगाला बांधून चिप मुद्दाम आठ-दहा अंश जास्त तापवा आणि मग तपासा.

आता पुन्हा पहिल्यापासून कसे लावायचे ते सांगतो. सुरुवात सगळे मूळ सेटिंगवर नेऊन करा: बायोस (मदरबोर्डचा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करा, डिफॉल्ट लोड करा, एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग लावणारी सेटिंग) सुद्धा बंद. बायोस अद्ययावत करताना जुनी जतन केलेली प्रोफाइल जातात, म्हणून आकडे आधी वहीत उतरवून घ्या. मूळ सेटिंगवर तासभर रेंडर किंवा ओसीसीटी ही ताणाची चाचणी चालवा. इथेच पडत असेल तर ओव्हरक्लॉकचा संबंध नाही. मग फक्त एक्सएमपी चालू करा. एक्सएमपी हाही ओव्हरक्लॉकच आहे, आणि प्रोसेसरच्या माथी मारलेले निम्मे दोष त्याचे असतात. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चार पास (फेऱ्या) रात्रभर, आणि दुपारच्या उन्हात तशीच दुसरी चाचणी टेस्टमेम५ तासभर, विंडोजमधूनच. दुपारी का, तर रॅममधल्या पेशी गरम झाल्यावर साठवलेला भार लवकर गमावतात, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येते. एकही चूक चालणार नाही. चूक आली तर ३४०० वर आणा. दोन-अडीच टक्क्यांच्या फरकासाठी सिस्टीम एजंटचे (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडच्या भागाचे) व्होल्टेज १.२५ च्या वर नेण्यात अर्थ नाही.

रॅम पक्की झाल्यावरच प्रोसेसरला हात घाला. पी-कोअरचा मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला गुणायचा आकडा) सगळ्यांना सारखा ४९, म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ, ई-कोअर (लहान, कमी वीज खाणारे गाभे) ३६ किंवा ३७, रिंग (गाभ्यांना जोडणारा मार्ग) ऑटोवर. बेस क्लॉक १०० वरच ठेवा, त्याला छेडू नका. एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती कामात वेग उतरवणारी सेटिंग) शून्य. व्होल्टेज सुरुवातीला फिक्स्ड पद्धतीने १.२५. पॉवर लिमिट म्हणजे पीएल१ (दीर्घ वेळची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळची मर्यादा) दोन्ही १८० वॉट. या चिपची कंपनीची मर्यादा १२५ आणि १५० आहे, पण बरेच झेड६९० बोर्ड स्वतःहून ४०९५ वॉट भरून ठेवतात, म्हणजे मर्यादा नाहीच. तो आकडा दिसला तर खाली आणा. मर्यादा असणे म्हणजे कमीपणा नाही. पंप बंद पडला, फिल्टर तुंबला, तर तीच मर्यादा मशीनला सावकाश करते आणि वाचवते.

लोडलाइन कॅलिब्रेशन या एका सेटिंगमुळे सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर. भार येताच प्रोसेसरला मिळणारे व्होल्टेज मुद्दाम थोडे खाली येऊ दिलेले असते. भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळते, आणि ती उसळी झेलायला ही खालची जागा लागते. लोडलाइन एकदम सपाट केली तर बायोसमधला आकडा आणि भाराखालचा आकडा सारखा दिसतो, मनाला बरे वाटते, पण उसळी थेट तुमच्या आकड्याच्या वर जाते. ती सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, कारण मोजणी सेकंदाला एकदाच होते आणि उसळी मायक्रोसेकंदांची असते. म्हणून मधली पातळी निवडा. आकड्यांची दिशा मात्र बोर्डागणिक उलटी आहे: आसुसमध्ये आकडा मोठा तितकी लोडलाइन सपाट, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकमध्ये १ म्हणजे सर्वांत सपाट, गिगाबाइटमध्ये लो, मीडियम, हाय, टर्बो अशी नावे. एका बोर्डाचे मार्गदर्शन वाचून दुसऱ्या बोर्डात तोच आकडा भरला की नेमके उलटे होते. आसुसमध्ये ४, एमएसआयमध्ये ४ किंवा ५, गिगाबाइटमध्ये मीडियम, इथून सुरुवात करावी.

विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हे मोजमापे दाखवणारे सॉफ्टवेअर फक्त सेन्सर्सवर उघडा आणि चार ओळी बघत राहा: कोअरचे कमाल तापमान, भाराखालचे व्हीकोअर (कोअरचे व्होल्टेज), सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर ओढत असलेले वॉट) आणि व्हीआरएमचे तापमान. वॉटर कूलर लावला की सॉकेटभोवती हवा फिरत नाही आणि व्हीआरएम भाजतो. तो ९० च्या वर जाताना दिसला तर कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे लक्ष द्या, किंवा १२० मिलिमीटरचा एक पंखा त्याच्या दिशेने लावा.

सिनेबेंच आर२३ तीस मिनिटे. पडले तर १० मिलिव्होल्ट वाढवा, पुन्हा. एका वेळी एकच गोष्ट बदला. व्होल्टेज आणि लोडलाइन दोन्ही बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. चालले की प्राइम९५ या ताणाच्या चाचणीतला स्मॉल एफएफटी हा प्रकार, एव्हीएक्स बंद करून, अर्धा तास. मग वाय-क्रंचर ही आणखी एक चाचणी तासभर. शेवटी तुमचे खरे काम: दोन तासांचे नाटक रेंडरला लावा, तेही दुपारी. एव्हीएक्स चालू ठेवून प्राइम९५ चोवीस तास चालवण्याचा हट्ट मी धरणार नाही. त्या चाचणीची उष्णता तुमच्या कुठल्याही खऱ्या कामात येत नाही, आणि तिच्यासाठी व्होल्टेज चढवले तर उरलेले वर्षभर चिपला ते विनाकारण सोसावे लागते.

सगळ्या चाचण्यांत टिकलेले सर्वांत कमी व्होल्टेज सापडले की त्यावर २० ते ३० मिलिव्होल्टची उशी ठेवा. समजा १.२६ सापडले तर १.२८५ लावा. ही उशी पुढच्या वर्षीच्या धुळीसाठी, चिप आणि कूलर यांच्यामधल्या सुकत चाललेल्या पेस्टसाठी आणि वयाने थोड्या थकणाऱ्या सिलिकॉनसाठी आहे. माझ्या मते या खोलीतल्या या कूलरवर भाराखाली १.३० व्होल्ट आणि वैशाखाच्या दुपारी ९० अंश, या दोन रेषा ओलांडू नयेत. चिप १०० अंशांवर स्वतः वेग कमी करते, म्हणून १०० पर्यंत चालेल असा हिशेब करू नका. ९५ वर चालणाऱ्या चिपला सिलिंग फॅन बंद झाला एवढेही निमित्त पुरते.

सापडलेले व्होल्टेज शेवटी अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धतीवर न्या, म्हणजे रिकाम्या वेळी ते आपोआप खाली येईल. इथे एक खाच आहे. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये भरलेला आकडा सर्वांत वरच्या मल्टिप्लायरलाच लागू होतो, मधल्या वेगांवर चिप आपल्या कारखान्यातल्या तक्त्याप्रमाणेच व्होल्टेज घेते. त्यात कोणी उणे ऑफसेट दिला तर सगळा तक्ताच खाली सरकतो आणि मशीन भाराखाली दगडासारखे उभे राहते, पण ब्राउझर उघडा ठेवून चहाला गेलात की परत येईपर्यंत बंद. म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह केल्यावर दोन दिवस साधे कामही करून पाहा, स्लीपमध्ये टाकून उठवा.

कुठे पडले यावरून कारण ओळखता येते. चाचणी सुरू होताच पडले तर व्होल्टेज सरळ कमी आहे, किंवा लोडलाइन फार उतरती आहे. वीस मिनिटांनी पडले तर उष्णता. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट म्हणजे एखादा कोअर उत्तरच देईना झाला, बहुधा कोअरचे व्होल्टेज. डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर तसेच. मेमरी मॅनेजमेंट किंवा दर वेळी वेगळे नाव घेऊन येणारा निळा स्क्रीन असेल तर रॅमकडे परत जा. प्राइम९५ मध्ये स्मॉल एफएफटी ठीक पण लार्ज एफएफटीत चूक, तर रॅम किंवा मेमरी कंट्रोलर. आणि बायोसमध्येच अडकून स्क्रीन न आल्यास घाबरू नका: वीज काढा, बोर्डावरच्या क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी पाच मिनिटे काढून ठेवा.

निळ्या स्क्रीनपेक्षा वाईट असते ती न दिसणारी चूक. काठावरचा प्रोसेसर रेंडर पूर्ण करतो, पण मध्येच एका फ्रेमवर हिरवा चौकोन येतो, किंवा झिप केलेली फाइल महिन्याने उघडत नाही. नाटक एकदाच झालेले असते, ते पुन्हा चित्रित करता येत नाही. म्हणून तपासणीचे दिवस संपेपर्यंत मूळ चित्रीकरण या मशीनच्या डिस्कवर एकटे ठेवू नका, त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा, आणि ती प्रत ओव्हरक्लॉक लावण्याआधी काढा. एक सोपी चाचणी: २०-३० जीबीचे फोल्डर सेव्हन-झिपने बांधा आणि त्यातलेच टेस्टचे बटण दाबा. सीआरसीची (फाइल पडताळण्याच्या आकड्याची) चूक दाखवली तर मशीन स्थिर नाही, मग सिनेबेंच काहीही म्हणो.

५.१ सोडून ४.९ वर येताना जीव तुटतो हे खरे. पण हिशेब करून पाहा: दोन तासांचे रेंडर ५.१ वर १२० मिनिटे घेत असेल तर ४.९ वर १२५ मिनिटे घेईल. पाच मिनिटे. आणि दीड तासाने एकदा पडले तर नव्वद मिनिटे गेली, वर कलावंतांना दिलेला शब्द. शिवाय एक्सपोर्ट हार्डवेअर एन्कोडिंगने, म्हणजे ३०६० वरून किंवा या चिपमधल्या क्विक सिंकवरून होत असेल, तर टास्क मॅनेजर बघा: प्रोसेसर ४० टक्क्यांवर बसलेला असेल तर त्याचा वेग वाढवून फारसे काही हाती लागणार नाही.

उष्णता बाहेर काढण्यातून जे मिळते ते व्होल्टेज वाढवून मिळत नाही. या सॉकेटची, म्हणजे एलजीए१७०० ची पकड लांबट चिपला मधोमध दाबते, चिप किंचित वाकते आणि कूलर मध्यभागी नीट टेकत नाही. तिच्याऐवजी कॉन्टॅक्ट फ्रेम (दाब सारखा वाटणारी चौकट) बसवली तर काही अंश उतरतात. ती बसवताना मूळ पकड काढावी लागते, तेव्हा बोर्ड आडवा ठेवा, सॉकेटच्या पिनांवर काहीही पडू देऊ नका, आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी पाव-पाव फेरा देत घट्ट करा. फार आवळली तर रॅमचे एखादे चॅनल दिसेनासे होते. तसे झाले तर थोडी सैल करा. पेस्ट बदलताना जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा. रेडिएटर वर छताला लावलेला बरा, पुढे लावला तर नळ्या खाली येतील असा. पंप हा सबंध वळशातला सर्वांत उंच भाग होता कामा नये, नाहीतर हवेचा बुडबुडा त्यात अडकतो आणि घरघर सुरू होते. कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात असेल तर आधी ते बाहेर काढा. मागची गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा आत येऊ नये म्हणून निदान वीतभर अंतर ठेवा. खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावून खोलीच तीन अंश उतरवली, तर चिपही तीन अंश उतरते.

धूळ. डिचोली-सांगेकडची तांबडी धूळ बारीक असते, फिल्टरमधून आत जाते, आणि रेडिएटरच्या पात्यांत बसली की पावसाळ्यात ओल धरते. फेब्रुवारी ते मे दर तीन-चार आठवड्यांनी फिल्टर धुवा, आणि ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कळंगुट, मिरामार, बायणा, कोलवा अशा समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने स्क्रू आणि सॉकेटचे कोपरे गंजतात. तिथे रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचे सोनेरी संपर्क वर्षातून एकदा, मिरगाआधी, काढून अल्कोहोलने पुसावेत. एसएमपीएसमध्ये शिरणाऱ्या पाली आणि मुंग्या हाही आपल्याकडचा खरा धोका. मागे न वापरलेल्या कार्डांच्या फटी पट्ट्यांनी बंद करा, आणि कॅबिनेटजवळ खाणे नको.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळा, कारण ती एरवी कुणी सांगत नाही. जुलैमध्ये बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. एसी लावून खोली २३ वर आणलीत, मशीन बंद करून झोपलात, सकाळी एसी बंद करून खिडकी उघडलीत, तर बाहेरची दमट हवा त्या थंड धातूवर येऊन बारीक दव धरते. चालू मशीन खोलीपेक्षा गरम असते, तिला हा त्रास नाही. बंद मशीनला आहे. खिडकी उघडल्यावर तासभर थांबून मग बटण दाबा. चवथीला आठवडाभर गावी जाणार असाल तर प्लग काढून जा, आणि आल्यावर तासभर कोरडी हवा, निदान सिलिंग फॅन, लागू द्या. आणि याच कारणाने पेल्टियर (विजेने थंड होणारी पट्टी) किंवा बर्फाच्या पाण्याने खोलीपेक्षा थंड ठेवण्याचे प्रयोग इथे रोजच्या मशीनवर करू नयेत.

तुमची चिप बाराव्या पिढीची आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचे के मॉडेल घेणाऱ्यांसाठी वेगळे: त्यांतल्या बऱ्याच चिपा जास्त व्होल्टेज मागून कायमच्या अस्थिर होत होत्या. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०x१२९ आणि पुढे ०x१२बी हे मायक्रोकोड (चिपचे वागणे दुरुस्त करणारे, बायोसमधून येणारे प्रोग्रॅम) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते मायक्रोकोड असलेला बायोस घातल्याशिवाय त्यांत हात घालू नये. आधीच थकलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही, ती बदलून घ्यावी लागते.

एएमडी रायझन ५००० किंवा ७००० असेल तर सगळे कोअर एका वेगाला बांधूच नका, एका कोअरचा उंच वेग हातचा जातो. पीबीओ (वेग आपोआप वाढवणारी एएमडीची सेटिंग) चालू करून कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरगणिक व्होल्टेज कमी करण्याच्या सेटिंगमध्ये) सगळ्या कोअरना उणे १० द्या आणि कोअरसायक्लर या चाचणीने एकेक कोअर रात्रभर तपासा. कंपनीने उत्तम ठरवलेले कोअर बहुधा सर्वांत कमी उणे सोसतात. रिकामे बसले असताना आपोआप रीस्टार्ट होणे ही तिथली ओळखीची खूण: ज्या कोअरचे नाव १८ क्रमांकाच्या नोंदीत आले त्याचे उणे पाचने कमी करा. ७००० मालिकेत एक्स्पो (एएमडीकडचे एक्सएमपी) लावल्यावर एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडच्या भागाचे) व्होल्टेज १.३० च्या वर नाही ना, हे बायोसमध्ये डोळ्यांनी पाहा. आणि ७००० च्या बऱ्याच चिपा पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालण्यासाठीच बनवलेल्या आहेत, तिथे ९० ची रेषा लागू नाही.

तुमच्यासाठी क्रम असा: आज संध्याकाळी डिफॉल्ट लोड करून हातातले रेंडर उरकून घ्या. मग यूपीएसची चाचणी. या आठवड्यात रॅम, पुढच्या शनिवार-रविवारी दुपारी ४.९. पक्के झाले की ते पहिल्या प्रोफाइलमध्ये जतन करून पेनड्राइव्हवरही ठेवा. ५.० हवेच असेल तर ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये, डिसेंबर-जानेवारीसाठी, त्याच चाचण्या लावून आणि १.३० च्या आत. आणि पुढे कधी १९ क्रमांकाची एखादी नोंद दिसली, तर व्होल्टेज न वाढवता मल्टिप्लायर एकने खाली घ्या.